आयटीआयला गेला म्हणजे शिक्षण सुटलं असं नाही हो!

प्रश्न : ताई, मुलाला दहावीला ५४ टक्के पडलेत. सुट्टीत तो शेजारच्या दादांच्या हाताखाली एसी-फ्रिजच्या कामाला जायचा, तेव्हापासून हेच शिकायचं म्हणतोय. पण सासरचे सगळे म्हणतात कुठेतरी कॉमर्सला टाक, आयटीआय म्हणजे शिक्षण सोडल्यासारखंच. इथल्याच एका क्लासवाल्याने ६ महिन्यांचा कोर्स सांगितलाय, ४५ हजार फी आणि नोकरीची गॅरंटी. काय करू? – एक आई, विक्रोळी

उत्तर : सगळ्यात आधी, ते ४५ हजार भरू नका. माझ्या भाच्याने असाच कोर्स केला होता, सर्टिफिकेट छान रंगीत, पण ॲप्रेंटिसच्या (कंपनीत काम करत शिकण्याच्या) फॉर्ममध्ये आयटीआयचा ट्रेड, म्हणजे कुठलं काम शिकलास ते, विचारला तेव्हा ते कुठेच बसेना, आणि वर्ष गेलं ते गेलंच. म्हणून कुठेही पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की या ट्रेडला केंद्राच्या डीजीटीची, म्हणजे प्रशिक्षण महासंचालनालयाची, मान्यता आहे का (लोक अजून एनसीव्हीटीच म्हणतात). गोलमोल उत्तर आलं की उठून या.

तुमच्या मुलाला जे हवंय ते सरकारी आयटीआयमध्ये आहे, ट्रेडचं नाव रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग, २ वर्षांचा, आणि फी खासगीच्या मानाने फारच कमी. तुम्हाला मुलुंड आणि कुर्ला दोन्ही एका ट्रेनने जमतात, शिवाय लोअर परळ, दादरलाही आयटीआय आहेत. ॲडमिशन राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडून ऑनलाइन होते, त्यात कुठल्या आयटीआयमध्ये कुठला ट्रेड ते फॉर्म भरतानाच दिसतं. फक्त एकच ऑप्शन टाकून बसू नका, खाली इलेक्ट्रिशियन, वायरमन पण टाका, कारण एसीच्या कामात अर्धं काम वायरिंगचंच असतं. एक कळकळीची विनंती, ऑप्शनचा क्रम मुलाला ठरवू दे.

आता सासरच्यांना काय सांगायचं ते सांगते. दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय ट्रेड पास झाला की पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळू शकते, आणि डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे रस्ता लांबचा आहे पण बंद कुठेच नाही, आणि कॉमर्सला नुसतं नाव घालून वर्गात न बसणाऱ्या पोरांपेक्षा हा पोरगा हातात काम घेऊन पुढे जाईल असं मला अगदी मनापासून वाटतं. मध्ये ॲप्रेंटिसशिप पण आहे, रेल्वेची परळ आणि माटुंगा वर्कशॉप, माझगाव डॉक, तिथे जाहिराती निघतात आणि शिकताना स्टायपेंड मिळतो. आमच्या गिरणगावातल्या कितीतरी घरांमध्ये पहिली पक्की नोकरी अशीच आलीय.

डिप्लोमालाच थेट जायचं म्हटलं तर दहावीला ३५ टक्क्यांवरही फॉर्म भरता येतो, पण वांद्र्याचं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक किंवा १८८७ पासूनचं व्हीजेटीआय, तिथलं मेरिट ५४ ला परवडणारं नाही. फॉर्म मात्र भरून ठेवा.

प्रश्न : मी २२ वर्षांची, लालबागला राहते, दादरला दुकानात कामाला आहे. दहावीनंतर शिक्षण सुटलं. आता बारावी आणि मग ग्रॅज्युएशन करता येईल का? वय गेलं का?

उत्तर : अगं, २२ ला कसलं वय जातंय! बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भर, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाची परीक्षा देता येते, रोज कॉलेजला जायला नको. संध्याकाळी सुटका होत असेल तर रात्रीचं ज्युनियर कॉलेज बघ, मला तर तेच जास्त आवडेल, कारण सोबतीला तुझ्यासारख्याच कामावरून येणाऱ्या मुली असतात आणि एकटीने पुस्तक उघडायला जो कंटाळा येतो तो येत नाही. पुढे बीए, बीकॉमला मुंबई विद्यापीठाचं कलिन्याचं दूरशिक्षण आहे (सगळे आयडॉल म्हणतात, १९७१ पासून चालू आहे), नाहीतर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. पदवी ही पदवीच, स्पर्धा परीक्षांनाही चालते.

१७ नंबरसाठी शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला लागतो. तो घरात सापडत नसेल तर याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी नाही, शाळा चालू असेल त्या दिवशी अर्धा दिवस रजा काढून जा आणि डुप्लिकेटचा अर्ज देऊन ये.