कड शोधायची तर फोटो नको, व्हिडिओ घे

अरे, फोटोतल्या म्हशीची कड, म्हणजे तिची बाहेरची रेघ, कॅनी या संगणकाच्या कड शोधायच्या पद्धतीनं मिळेना म्हणून वैतागू नकोस. 1986 सालची ती पद्धत फक्त उजेडातला फरक बघते. अंगावरचा चिखल, सावली, मागचा ऊस, सगळ्याच्याच रेघा काढणार. म्हैस कुठं संपते हे तिला कसं कळावं?

येळ्ळूरच्या बसमधून खिडकीबाहेर बघ. बांधावरची झाडं सर्रकन मागं जातात, लांबचा राजहंसगड किल्ला मात्र जागचा हलत नाही. वेग एकदम बदलतो तिथं कड. व्हिडिओच्या पुढच्या फ्रेममध्ये, म्हणजे पुढच्या चित्रात, कुठला पिक्सेल (चित्राचा ठिपका) किती सरकला ते काढायचं, हाच ऑप्टिकल फ्लो.

खरी गोची पुढंच आहे. 1981 ची हॉर्न-शुंक पद्धत शेजारच्या पिक्सेलांचे वेग सारखे करत जाते, आणि नेमकी कडच पुसट होते. त्याच वर्षीची लुकस-कनाडे छोटी चौकट घेते. पण चौकटीत अर्धं शिंग, अर्धा ऊस आला की दोन्ही वेगांची खिचडी! माझा आठवडा त्यातच गेला. शेवटी फ्लो पहिल्या फ्रेमकडून दुसरीकडं आणि उलटा, असा दोनदा काढला. दोन्ही जुळत नाहीत ती पट्टी बहुतेक म्हशीमागं झाकली गेलेली असते. ती पट्टी मागच्या उसाची, कड मात्र पुढच्या म्हशीची. इथं नवखे हमखास घोळ घालतात.

आणि हो, फोन जागच्या जागी फिरवू नकोस, त्यानं लांब-जवळचा फरक दिसतच नाही. बांधावर दोन पावलं बाजूला सरकत शूट कर.