हळदीकुंकवाच्या वाणासाठी काचेच्या बरण्या घरीच सजवता येतील का? नाव टिकेल असं कसं लिहायचं?

येतील, आणि नव्या बरण्या घ्यायची गरजही नाही. जॅमच्या, मधाच्या रिकाम्या चालतात. झाकण मात्र गंजलेलं नको.

खरी डोकेदुखी लेबलची. बरणी तासभर कोमट साबणपाण्यात बुडवा, कागद सुटेल. मागे राहिलेल्या चिकट डिंकावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून चोळा, मग साबणाने धुवा. रंगवण्याआधी स्पिरिटने पुसाच. काचेवर तेलाचा अंश, अगदी बोटांचा ठसा राहिला तरी रंग पापुद्र्यासारखा निघतो. (मी हे टाळलं होतं, सहा नावं पुन्हा लिहावी लागली.)

नावासाठी अ‍ॅक्रिलिक पेंट मार्कर घ्या, साधं स्केचपेन पुसलं जातं. नाव कागदावर लिहून तो आतून चिकटवा आणि बाहेरून गिरवा, म्हणजे अक्षर वाकडं जात नाही. रंग फक्त बाहेरून, तोंडाच्या कडेपासून दोन बोटं खाली. दिवसभर वाळू द्या.

आत हलवा किंवा तिळाच्या वड्या भरा, पण बरणी आतून ठणठणीत कोरडी हवी, नाहीतर हलव्याला पाणी सुटतं. बरणी घासणीने घासू नका, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या.