वडिलांचा सेक्स्टंट चार मैल चुकतो

प्रश्न : माझे वडील मर्चंट नेव्हीत होते. त्यांचा सेक्स्टंट (क्षितिजापासून सूर्य-ताऱ्यांची उंची अंशांत मोजायचं यंत्र) आता माझ्याकडे आहे. जानेवारीत मावसभावाच्या होडीतून रत्नागिरीसमोरच्या समुद्रात तीन दिवस दुपारची साइट घेतली, म्हणजे माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढला. डोळ्याची पाण्यापासूनची उंची २ मीटर धरून डिपची (उंचीवरून क्षितिज खाली दिसतं त्याची) २.५ मिनिटं (अंशाचे साठावे भाग) वजा केली. तरी अक्षांश जीपीएसपेक्षा रोज ४ मिनिटं दक्षिणेला येतो. माझं गणित चुकतंय की यंत्र?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : यंत्र. हाताची चूक कधी उत्तरेला नेते, कधी दक्षिणेला. रोज तेवढीच आणि त्याच बाजूला येते, ती बहुधा इंडेक्स एरर, म्हणजे यंत्र शून्यावर असताना त्याचे दोन आरसे समांतर नसल्याची चूक. जानेवारीत सूर्य आपल्या दक्षिणेला असतो. यंत्राने उंची ४ मिनिटं जास्त दाखवली की तुम्ही कागदावर ४ सागरी मैल दक्षिणेला गेलात.

पण लगेच इंडेक्सच्या स्क्रूला हात लावू नका, क्रम मोडला की सगळं पुन्हा करावं लागतं. आधी इंडेक्स आरसा, म्हणजे आर्मवर (फिरत्या दांडीवर) बसवलेला. आर्म ३५ अंशांच्या आसपास ठेवा, सेक्स्टंट आडवा धरा, कमान (अंशांची पट्टी) पलीकडे, आणि आरशात तिरकं बघा. खरी कमान आणि आरशातली कमान एकसंध दिसायला हवी. सांध्यात पायरी दिसली, तर आरशामागचा स्क्रू अगदी केसभर फिरवा. मग रात्री शून्यावर लावून एखादा तारा बघा. मायक्रोमीटर (मिनिटं वाचायचं बारीक चक्र) मागेपुढे केल्यावर प्रतिबिंब ताऱ्याच्या अंगावरूनच गेलं पाहिजे. बाजूने गेलं, तर होरायझन आरशाचा (दुर्बिणीसमोरच्या स्थिर आरशाचा) चौकटीपासून लांबचा स्क्रू फिरवा.

आता सूर्य. दोन्हीकडच्या गडद काचा लावल्याशिवाय डोळा लावायचा नाही! दोन सूर्य कडेला कड लावून एकदा ऑन द आर्क (शून्याच्या पट्टीकडच्या बाजूला), एकदा ऑफ द आर्क (शून्याच्या पलीकडे) वाचा. मायक्रोमीटर दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरवत आणा. समजा ऑन ३६.६ आणि ऑफ २८.६ मिनिटं आले. बेरजेचा चौथा भाग १६.३, जानेवारीतल्या सूर्याचा सेमी-डायमीटर (दिसणारी त्रिज्या) तेवढाच, म्हणजे माप नीट घेतलंय. फरकाचा निम्मा ४.० ही तुमची एरर. ऑनचा आकडा मोठा असेल तर ती वजा करा, ऑफचा मोठा असेल तर मिळवा.

४ मिनिटं जास्तच आहेत, होरायझन आरशाच्या चौकटीजवळच्या स्क्रूने कमी करा आणि तारा पुन्हा तपासा, कारण हे दोन स्क्रू एकमेकांना हलवतात. ३ मिनिटांच्या आत आली की थांबा, उरलेली गणितात धरा. कॅडेट असताना मी दीड मिनिट काढायला रोज स्क्रू फिरवायचो. महिन्याभरात तो सैल पडला आणि दर वॉचला (जहाजावरच्या पाळीला) वेगळी एरर यायला लागली.

पेटीच्या झाकणात आतून प्रमाणपत्र चिकटवलेलं आहे का बघा. त्यात वेगवेगळ्या अंशांवरची घडणीतली चूक लिहिलेली असते. ती कुठल्याच स्क्रूने जात नाही, तीही गणितात धरा.