वर्षानुवर्षं चाललेली टीव्हीवरची प्रश्नमंजुषा हाती घेताना नव्या सूत्रसंचालकाने कशी तयारी करावी?

तुमचा प्रश्न असा: पुण्यातल्या केबल वाहिनीवरची जुनी आंतरशालेय प्रश्नमंजुषा या हंगामापासून तुमच्याकडे येतेय, आधीच्या सरांचा आवाज लोकांच्या कानात बसलाय, तर सुरुवात कुठून करावी? प्रश्न वाचण्यापासून करा. जॅकेट, विनोद, खास वाक्य हे सगळं नंतर.

अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेचं उदाहरण घ्या. तिथे प्रश्न वाचून संपला की पडद्यामागचा माणूस बझर खुले करतो. त्याआधी दाबलं तर स्पर्धकाचा बझर पाव सेकंद बंद पडतो. त्यामुळे स्पर्धकांचं लक्ष सूत्रसंचालकाच्या शेवटच्या अक्षराकडे लागलेलं असतं. तिथले सूत्रसंचालक अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनी 1984 पासून 2020 मध्ये निधन होईपर्यंत ही लय सांभाळली. आज त्या जागी असलेले केन जेनिंग्ज 2004 साली तिथेच सलग 74 डाव जिंकलेले स्पर्धक होते, म्हणजे ती लय त्यांनी आधी समोरून ऐकली होती.

तुमच्याकडे प्रश्न अर्धवट असताना बझर दाबता येत असेल, तर जास्तच जपा. मराठीत विचारायचा शब्द बहुधा वाक्याच्या शेवटाकडे येतो. 'मुळा आणि मुठा यांचा संगम पुण्यात होतो. पुढे ही नदी कोणत्या नदीला मिळते?' यात 'होतो'वर तुमचा आवाज खाली आला की मुलांना प्रश्न संपला असं वाटतं. बझर वाजतो, उत्तर भलतंच येतं आणि पालक चिडतात, तेही रास्तपणे. हाच प्रश्न 'पुण्याहून पुढे गेलेली मुळा-मुठा कोणत्या नदीला मिळते?' असा लिहिला की अडचणच उरत नाही. उत्तर भीमा. प्रत्येक प्रश्न 25 शब्दांच्या आत बसवा, कार्डावर श्वासाच्या जागी पेन्सिलीने रेघ मारा, परकी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा आणि सन अक्षरी: अठराशे अठ्ठेचाळीस. रोज 30 प्रश्न मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना वाक्याचा शेवट गिळला जातोय का, तेवढंच बघा.

दुसरा घोळ दोन उत्तरांचा. '1961 साली कोणतं धरण फुटून पुण्यात पूर आला?' कार्डावर पानशेत असतं, एखादी मुलगी खडकवासला म्हणते. 12 जुलैला दोन्ही धरणं फुटली होती, मग ती चूक कशी? प्रश्नात 'आधी कोणतं' हवं. म्हणून प्रत्येक कार्डामागे ग्राह्य आणि अग्राह्य अशी दोन्ही उत्तरं लिहा. वाद झालाच, तर निकाल परीक्षकांनी द्यायचा, तुम्ही नाही. तोवर चित्रीकरण थांबवा. प्रत्येक फेरीला पाच राखीव प्रश्न जवळ असू द्या.

मुलं तुमचा चेहरा वाचतात. चुकीचं उत्तर यायला लागलं की भुवई हलते, आणि हुशार मुलगा उत्तर फिरवतो. म्हणून उत्तर पूर्ण होईपर्यंत नजर कार्डावर, मग आधी 'बरोबर' किंवा 'चूक', स्पष्टीकरण त्यानंतर.

कानातल्या टॉकबॅकची, म्हणजे चित्रीकरण चालू असताना कानात येणाऱ्या निर्मिती-चमूच्या सूचनांची, सवय घरीच करा: एका कानात कुणीतरी आकडे म्हणत राहील आणि तुम्ही न अडखळता वाचाल.

तुलना होणारच. 'कौन बनेगा करोडपती'त 2007 साली शाहरुख खान आले तेव्हाही झाली. मराठीतल्या 'करोडपती'त 2013 ला सचिन खेडेकर होते, 2019 ला नागराज मंजुळे, 2021 ला पुन्हा खेडेकर. माणसं बदलली तरी प्रश्नांची चढती शिडी आणि लाइफलाइन कायम राहिल्या. म्हणून माझा आग्रह आहे की या हंगामात फेऱ्या, गुणपद्धत, बझरचा आवाज यातलं काहीही बदलू नका. सगळं एकदम बदललं की नव्या नियमाचाही राग तुमच्यावर निघतो. सरांची लकबही उचलू नका. पहिल्या भागात त्यांचं नाव आदराने एका वाक्यात घ्या आणि थेट पहिला प्रश्न वाचा, तोही सोपा, म्हणजे पहिल्याच मिनिटाला कुणाला तरी गुण मिळतील.