मध्यस्थ एकच, रदबदली सगळ्यांची

प्रश्न असा आला आहे: 'आमच्याकडे दुसऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. मग लगेच ख्रिस्त हाच एक मध्यस्थ असंही सांगतात. मग आम्ही कोण? आणि मध्यस्ती लिहायचं की मध्यस्थी?'

शेवटचं आधी. थ. मध्ये राहतो तो मध्यस्थ, आणि त्याचं काम ती मध्यस्थी. 'गृहस्त' कोणी लिहीत नाही, मग इथेच थकाराशी वैर का? युद्धाच्या बातम्यांत हल्ली 'मध्यस्थता' ऐकू येते, ती हिंदीतून आली आहे. मराठीला तिची गरज नव्हती.

आता मुद्दा. मध्यस्थ म्हणजे निव्वळ तटस्थ नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या नवव्या श्लोकात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' शेजारी शेजारी आहेत. शंकराचार्य त्यांची फोड करतात ती अशी: उदासीन कोणाचीच बाजू घेत नाही, मध्यस्थ मात्र भांडणाऱ्या दोघांचंही भलं चिंततो. बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (2:5) देव आणि माणूस यांच्यामधला एकच मध्यस्थ म्हणून ख्रिस्ताचं नाव येतं. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे 'मेसितेस', त्यातला 'मेसोस' म्हणजे मधला, आणि हा 'मेसोस' आपल्या 'मध्य'चा सख्खा भाऊ. मराठी भाषांतरकाराने याहून नेमका शब्द कुठून आणला असता? हिंदी बायबलात इथे 'बिचवई' आहे. तोही झकास, पण शंकराचार्यांचं पाठबळ त्याला नाही.

घोटाळा पुढे आहे, खरं तर चार ओळी मागे. त्याच अध्यायाच्या पहिल्या दोन ओळींत सर्व माणसांसाठी, राजांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय, आणि तिथे 'मेसितेस'चा मागमूसही नाही. तिथे आहे 'एन्तेउक्सिस'. ग्रीक राजे इजिप्तवर राज्य करत असताना रयत राजाच्या नावे जो अर्ज करी त्याला हाच शब्द होता. तसे पपायरसवरचे अर्ज आजही उपलब्ध आहेत. रोमकरांस पत्रात (8:26) पवित्र आत्मा आपल्यासाठी जे करतो तिथलं क्रियापदही याच घराण्यातलं, आणि मराठीत तिथे 'मध्यस्थी' आहे. ग्रीकात दोन वेगळी कुळं, मराठीत एकच. तुमचा गोंधळ इथे जन्मला. अर्ज करणारा मध्ये उभा नसतो, तो ज्याच्यासाठी अर्ज करतो त्याच्या बाजूने बोलतो.

यासाठी मराठीत घरचा शब्द आहे: रदबदली. आपले कोश त्याच्यापुढे 'मध्यस्थी' लिहून मोकळे होतात. या आळसाला काय म्हणावं! अरबी 'रद्द' म्हणजे परतवणं, 'बदल' म्हणजे एकाच्या जागी दुसरं. फारसीत 'रद्द-ओ-बदल' म्हणजे देवाणघेवाण, बोलण्यातली ये-जा. तू एक म्हण, मी दुसरं म्हणतो. आता बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा अठरावा अध्याय उघडा. सदोम नगरी नष्ट होणार, आणि अब्राहाम देवासमोर उभा. पन्नास नीतिमान निघाले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? दहा? सहा वेळा विचारणा, सहा वेळा उत्तर. याला मध्यस्थी म्हणणाऱ्याने मंडईत कधी भाव केला नसावा! ही शुद्ध रदबदली, तीही देवाशी. निर्गम या पुढच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात लोकांनी सोन्याचं वासरू पुजल्यावर मोशे हेच करतो, आणि तिथे तर देवाने ठरवलेला नाश खरोखरच रद्द होतो. शब्दातला 'रद्द' इतका सार्थ क्वचितच झाला असेल. माझं तर ठाम मत आहे की या दोन प्रसंगांसाठी जगातल्या कुठल्याही भाषेत रदबदलीच्या तोडीचा शब्द नाही. ग्रीक जाणणाऱ्यांनी खुशाल रागवावं.

'रदबदली यावनी आहे, प्रार्थनेत शोभत नाही' हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. मग 'माफी' आणि 'इमान' कुठल्या ऋचेतून आले? बरं, लॅटिनमध्ये संतांना उद्देशून 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात: आमच्यासाठी प्रार्थना कर. मध्यस्थ हो असं त्यात कुठेच नाही. संतांना अशी विनवणी करावी का, या मुद्द्यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मराठीत भांडतात तेव्हा निम्मं भांडण या एका शब्दाचं असतं.

दुसरा आक्षेप जरा बरा आहे: रदबदलीला कचेरीचा वास येतो, बदली थांबवण्यासाठी साहेबांकडे करतात तसली. येतो खरा. पण तो वास खटकत असेल तर 'वशिला' पाहा. अरबी 'वसीला' म्हणजे जवळ पोचण्याचं साधन. कुराणात (5:35) श्रद्धावंतांना देवाकडे जाण्याचा वसीला शोधायला सांगितलंय. तोच शब्द मराठीत आला आणि बिचारा नोकरीच्या अर्जाला चिकटून बसला.