पिल्लू चावतंय म्हणून मारू नका

ताई, तुमचं कुत्र्याचं ४ महिन्यांचं पिल्लू हात चावतं, म्हणून मारावं का असं विचारलंत. ते चावतं ते रागाने नव्हे. या वयात दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात, आणि खेळ त्याला तोंडानेच कळतो. चापट मारलीत तर ते हाताला घाबरायला शिकेल.

पण नुसते लाडही नकोत. दात लागला की खेळ तिथेच थांबवा, हात काढून घ्या, १५-२० सेकंद पाठ फिरवा. मग चघळायला खेळणं द्या. ते तोंडात धरलं की लगेच शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा. 'लगेच' म्हणजे एक-दोन सेकंदांत, उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. आमच्याकडे आजोबा जेवताना गुपचूप पोळी भरवायचे, ती सवय मोडायला महिने लागले.

फिरताना पट्टा ताणला की उभं राहा, सैल झाला की चाला. गळा आवळणारी साखळी कोणी सुचवली तरी घेऊ नका, मानेला इजा होते. घरात शू केली तर नाक घासू नका. ते फक्त लपून करायला शिकतं.

आणि त्याला भरपूर झोपू द्या, दमलेलं पिल्लू जास्त चावतं.