इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सला ॲडमिशन घेतलीये ना, मग हे वाच

पहिल्या वर्षी सगळे डायरेक्ट पीएलसी (मशीन चालवणारा इंडस्ट्रियल कॉम्प्युटर) आणि रोबोटच्या मागे लागतात, पण माझं ऐक, आधी मल्टिमीटर हातात नीट बसू दे. करंट मोजताना मीटर सिरीजमध्ये लावायचा हे पाठ असतं सगळ्यांना, तरी लॅबमध्ये पॅरललला लावून फ्यूज उडवतात.

दुसरं म्हणजे "का" विचारत जा. सेन्सरची रीडिंग वायरवरून पाठवणाऱ्या ४ ते २० मिलीअँपिअर सिग्नलचंच बघ, शून्यापासून का नाही सुरू होत? कारण सेन्सरची रीडिंग शून्य असली तरी लूपमध्ये ४ मिलीअँपिअर वाहतोच, म्हणजे करंट एकदम शून्य झाला की समजायचं वायर तुटली किंवा सप्लाय गेला. आणि त्यात २५० ओहमचा रेझिस्टर टाकला की तोच सिग्नल १ ते ५ व्होल्ट होतो, स्वतः मोजून बघ, खूप भारी वाटतं!

स्टॉप बटणाचंही तसंच, ते नॉर्मली क्लोज्ड (न दाबता सर्किट जोडलेलंच) जोडतात कारण वायर निघाली तर मशीन थांबलंच पाहिजे. म्हणजे बटण न दाबताही इनपुट चालूच असतो, म्हणून लॅडरमध्ये (पीएलसीच्या शिडीसारख्या प्रोग्राममध्ये) त्याच इनपुटला नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट काढावा लागतो. इथे जवळजवळ प्रत्येकजण अडकतो, तू घाबरू नकोस, कागदावर दोन्ही स्थिती काढ, सुटेल.

मॅथ्समध्ये लाप्लास ट्रान्सफॉर्म सोडू नको, कंट्रोल सिस्टिमला तेच लागतं.

आणि हो, पॅनल उघडण्याआधी सप्लाय बंद, मग मीटरने चेक, मगच हात. ड्राइव्ह (मोटरचा स्पीड कंट्रोल करणारं युनिट) असेल तर कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला लेबलवर लिहिलेला वेळ पूर्ण थांब, कितीही घाई असली तरी.